टकटक करायला कोण जातं? इंग्लंडमधल्या आरोग्य-संशोधनाच्या विभागीय जाळ्यांची फेरमांडणी

समजा, इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्लॅकपूलमधल्या एका केअर होममध्ये ८८ वर्षांची एक आजी राहते. ती महिन्यातून दोनदा पडते. रक्तदाबाच्या गोळीने तिला चक्कर येत असावी, अशी डॉक्टरांना शंका आहे. गोळी कमी केली तर पडणं थांबेल का, की पक्षाघाताचा धोका वाढेल? याचं उत्तर तिच्या वयाच्या, तिच्यासारखे चार-पाच आजार सोबत असलेल्या माणसांवर तपासलेलं फारसं सापडत नाही. ते हवं असेल तर अशा शेकडो आजी-आजोबांना घेऊन नीट आखलेला अभ्यास करावा लागेल. कुणा प्राध्यापकाला हा प्रश्न सुचतो तो लंडनच्या नाहीतर ऑक्सफर्डच्या एखाद्या खोलीत. तिथपासून या आजीच्या दारावर टकटक होईपर्यंत मध्ये किती माणसं लागत असतील?

इंग्लंडमध्ये या मधल्या माणसांची विभागवार जाळी आहेत. ती सरकारी पैशावर चालतात. त्यातलं एक ऑक्टोबर २०२३ मध्ये नव्याने विणलं गेलं, दुसरं ऑक्टोबर २०२४ मध्ये. बातमी म्हणून यात काही दम वाटत नाही: नावं बदलली, नकाशावरच्या रेषा हलल्या, पंधराचे बारा झाले. पण त्या आजीपर्यंत कुणी पोहोचणार की नाही, हे बरंचसं या रेषांवर आणि त्यांच्यामागून वाहणाऱ्या पैशावर ठरतं. म्हणून हा विषय मला जवळचा वाटतो आणि तो सोपा करून सांगावासा वाटतो.

शिध्याचा हिशेब आणि वाढपी

लग्नात पाचशे पानांची पंगत बसवायची तर दोन वेगळी कामं असतात. एक म्हणजे आधी बसून हिशेब करणं: माणसं किती, शिधा किती, चुली किती, खर्च किती. दुसरं म्हणजे पान मांडल्यावर प्रत्यक्ष वाढणं. पहिलं चुकलं तर भात कमी पडतो. दुसरं चुकलं तर भात असूनही शेवटच्या पानापर्यंत पोहोचत नाही. आरोग्य-संशोधनालाही या दोन्ही प्रकारची मदत लागते, आणि म्हणून जाळीही दोन.

हिशेबाच्या कामासाठी इंग्लंडमध्ये २००८ पासून ‘रिसर्च डिझाइन सर्व्हिस’ होती. एखाद्या डॉक्टरला, नर्सला, फिजिओथेरपिस्टला चांगला प्रश्न सुचतो, पण त्यावर अभ्यास कसा आखावा आणि निधीसाठी अर्ज कसा लिहावा हे ठाऊक नसतं. त्यांच्यासोबत संख्याशास्त्रज्ञ, आरोग्य-अर्थतज्ज्ञ आणि रुग्णांचे प्रतिनिधी बसवणं हे या सेवेचं काम.

संख्याशास्त्रज्ञ नेमकं काय करतो, हे आपल्या आजीच्या उदाहरणावरूनच पाहू. समजा, गोळी कमी केलेल्या गटात शंभरातले २० जण पडतात आणि नेहमीची गोळी घेणाऱ्या गटात ३०. हा फरक खरा की योगायोग? प्रत्येक गटात वीस-वीस माणसं असतील तर छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. एवढा फरक बऱ्यापैकी खात्रीने पकडायचा तर प्रत्येक गटात सुमारे ३०० माणसं लागतात, म्हणजे एकूण ६००. आता ६०० मिळतील या भरवशावर अभ्यास सुरू केला आणि मिळाली १५०, तर? प्रश्न होता तिथेच राहतो. त्या १५० जणांनी दिलेलं रक्त, दिलेला वेळ, टाकलेला विश्वास सगळा फुकट जातो. अर्धवट सुटलेले अभ्यास हा संशोधनातला मोठा अन्याय आहे असं मला वाटतं, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

इथे वाढप्यांची गरज लागते. त्यांचं जाळं म्हणजे ‘क्लिनिकल रिसर्च नेटवर्क’. त्यातली मुख्य व्यक्ती रिसर्च नर्स. ती वॉर्डातल्या रुग्णांच्या याद्या पाहते आणि अभ्यासाच्या निकषात कोण बसतं ते हुडकते. रुग्णाशेजारी बसून पानंच्या पानं माहितीपत्रक समजावून सांगते. ‘नाही म्हटलंत तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही’ हे पुन्हा पुन्हा सांगते, संमती घेते, रक्त काढते, नमुना वेळेत प्रयोगशाळेत जाईल हे पाहते, तीन महिन्यांनी फोन करते, नोंदी भरते. वॉर्डातल्या नेहमीच्या नर्सवर हे काम वरकड म्हणून टाकलं तर ते होत नाही, कारण तिला आधीच उसंत नसते. म्हणून या कामासाठी वेगळा पगार लागतो, आणि तो रुग्णालयांपर्यंत पोहोचवणं हे या जाळ्याचं मूळ काम आहे.

दोन्ही जाळी एकाच छत्राखाली येतात: नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर हेल्थ अँड केअर रिसर्च, म्हणजे एनआयएचआर. ही संस्था २००६ मध्ये उभी राहिली. तिचा पैसा सरकारच्या आरोग्य आणि सामाजिक देखभाल खात्याकडून येतो. जाळी फक्त इंग्लंडची आहेत. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडची व्यवस्था वेगळी आहे.

आधी आजारानुसार, मग नकाशानुसार

सुरुवात झाली कॅन्सरपासून. कॅन्सरच्या अभ्यासांत सामील होणाऱ्या रुग्णांची संख्या तीन वर्षांत दुप्पट करायची, हे उद्दिष्ट ठेवून २००१ मध्ये एक राष्ट्रीय जाळं विणलं गेलं, आणि ते उद्दिष्ट पुरं झालं. मग मधुमेह, पक्षाघात, मानसिक आजार, स्मृतिभ्रंश, मुलांची औषधं अशी एकेक जाळी त्याच धर्तीवर आली. बाकीच्या सगळ्या आजारांसाठी २५ स्थानिक जाळी निघाली. काही वर्षांत एकाच रुग्णालयात चार जाळ्यांच्या चार नर्स, चार हिशेब आणि चार वरिष्ठ अशी स्थिती झाली. कॅन्सरचा अभ्यास संपून तिथली नर्स मोकळी झाली, तरी तिला शेजारच्या पक्षाघाताच्या वॉर्डात पाठवणं कठीण जाई, कारण तिचा पगार दुसऱ्या पिशवीतून येई.

म्हणून एप्रिल २०१४ मध्ये आजारांच्या भिंती पाडून सगळं नकाशावर बसवलं: १५ स्थानिक जाळी, प्रत्येकात ३० विशेष शाखा. प्रत्येक जाळ्याचा यजमान एनएचएसचा (सरकारी आरोग्यसेवेचा) एक ट्रस्ट, म्हणजे त्या भागातल्या रुग्णालयांचा कारभार पाहणारी संस्था.

ही मांडणी किती कामाची होती, हे २०२० मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. ऑक्सफर्डच्या पीटर हॉर्बी आणि मार्टिन लँड्रे यांनी कोव्हिडच्या रुग्णांवरची ‘रिकव्हरी’ चाचणी मार्चमध्ये सुरू केली. देशातल्या पावणेदोनशेच्या आसपास रुग्णालयांतून जूनपर्यंत दहा हजारांहून जास्त रुग्ण तिच्यात आले. १६ जूनला निकाल जाहीर झाला: डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टिरॉइडमुळे व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू एक तृतीयांशाने आणि ऑक्सिजनवरच्या रुग्णांमधले एक पंचमांशाने कमी झाले. त्याच महिन्यात भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही हे औषध आपल्या उपचारपद्धतीत घेतलं. महाराष्ट्रात ज्यांच्या घरातलं माणूस त्या काळात ऑक्सिजनवर होतं, त्यांनी या औषधाचं नाव ऐकलेलं असेल. त्या निकालामागची शास्त्रज्ञांची हुशारी मोठीच आहे. पण शंभर दिवसांच्या आत उत्तर मिळालं, कारण त्या रुग्णालयांत संमती घ्यायला शिकलेली नर्स आधीपासून उभी होती.

मग बदललं कशासाठी?

एक कारण वेगाचं. महामारी ओसरल्यावर इतर अभ्यास ठप्प झाले होते, आणि औषध कंपन्या आपल्या चाचण्या दुसऱ्या देशांत नेऊ लागल्या होत्या. मे २०२३ मध्ये माजी आरोग्यमंत्री लॉर्ड जेम्स ओ’शॉनेसी यांनी सरकारला या विषयावर अहवाल दिला. २०१७-१८ ते २०२१-२२ या काळात कंपन्यांच्या अभ्यासांत सामील होणारे रुग्ण ४४ टक्क्यांनी घटल्याचं त्यात नोंदलं होतं. तिसऱ्या टप्प्यातल्या, म्हणजे औषध बाजारात येण्याआधी बऱ्याच रुग्णांवर होणाऱ्या चाचण्यांमध्ये ब्रिटन जगात चौथ्या क्रमांकावरून दहाव्यावर घसरला होता. एका ट्रस्टने कागद तपासले की दुसरा ट्रस्ट तेच कागद पहिल्यापासून तपासत असे, किमतीची बोलणी प्रत्येक जण वेगळी करत असे, आणि पहिला रुग्ण येईपर्यंत महिने उलटत.

दुसरं कारण मला अधिक गंभीर वाटतं. संशोधन जिथे होतं तिथे आजार नसतो, आणि आजार असतो तिथे संशोधन पोहोचत नाही. इंग्लंडचे मुख्य वैद्यकीय अधिकारी ख्रिस विटी यांनी २०२१ चा आपला वार्षिक अहवाल संपूर्णपणे समुद्रकिनाऱ्यावरच्या वस्त्यांच्या आरोग्यावर लिहिला. एके काळी सुट्टी घालवायला गर्दी व्हायची ती ही शहरं. आता तिथे म्हातारी माणसं जास्त, रोजगार कमी, आणि मोठी रुग्णालयं, विद्यापीठं दूर. पुरुषांचं आयुर्मान सगळ्यात कमी असलेल्या ठिकाणांत ब्लॅकपूलचं नाव वर्षानुवर्षं येत राहतं. असं असूनही मोठे अभ्यास लंडन, ऑक्सफर्ड, केंब्रिज या पट्ट्यात दाटतात, कारण प्राध्यापक तिथे आहेत.

पैशाची रचनाही या ओढीला मदत करत आली. स्थानिक जाळ्याला मिळणाऱ्या निधीचा एक भाग त्या भागातून किती माणसं अभ्यासांत आली यावर ठरे. कागदावर हे न्याय्य दिसतं: जो जास्त काम करेल त्याला जास्त पैसा. पण ज्याच्याकडे आज नर्स आहे तोच आज माणसं आणू शकतो, म्हणून उद्याची नर्सही त्यालाच मिळते. विहीर असलेल्याचं शेत भिजतं आणि पुढच्या वर्षी दुसरी विहीर खोदायचे पैसेही त्याच्याकडेच येतात. कोरडवाहूवाल्याला ‘आधी पीक दाखव’ म्हणून चालत नाही, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

शिवाय २०२२ मध्ये एनआयएचआरने आपल्या नावात ‘केअर’ हा शब्द घातला. केअर म्हणजे देखभाल: म्हाताऱ्या किंवा अपंग माणसाला अंघोळ घालणं, भरवणं, उठवून बसवणं, वेळेवर गोळ्या देणं. इंग्लंडमध्ये हे बहुतेक काम एनएचएसकडे नाही. त्याची जबाबदारी स्थानिक कौन्सिलवर असते आणि प्रत्यक्षात ते बहुतांशी खासगी संस्था करतात. मोठ्या रुग्णालयात संशोधनाचं वेगळं कार्यालय असतं. केअर होममध्ये असते एक व्यवस्थापक, आणि रात्रपाळीला माणूस मिळेल की नाही याच विवंचनेत ती दिवस काढते. रुग्णालयांना धरून विणलेल्या जाळ्यातून ही माणसं आपोआप निसटत होती.

नवी वीण

हिशेबाचं जाळं आधी बदललं. १ ऑक्टोबर २०२३ पासून डिझाइन सर्व्हिसच्या दहा विभागीय शाखांच्या जागी ‘रिसर्च सपोर्ट सर्व्हिस’ची आठ केंद्रं आली: न्यूकॅसल, यॉर्क, लँकेस्टर, लेस्टर, बर्मिंगहॅम, साउथॅम्प्टन आणि लंडनमधली किंग्ज व इम्पीरियल ही दोन महाविद्यालयं, प्रत्येकासोबत त्यांच्या भागीदार संस्था. सार्वजनिक आरोग्य आणि सामाजिक देखभाल यांसाठी खास विभाग केले. चाचण्या चालवणाऱ्या तज्ज्ञ गटांची मदतही आता याच दारातून मिळते. मुख्य फरक असा की आपल्या जवळच्याच केंद्राकडे गेलं पाहिजे असं आता नाही. नैऋत्य टोकाच्या कॉर्नवॉलमधल्या नर्सला केअर होमबद्दलचा अभ्यास आखायचा असेल तर ती उत्तरेकडच्या न्यूकॅसलच्या माणसांशीही बोलू शकते.

वर्षभराने, १ ऑक्टोबर २०२४ ला, वाढप्यांचं जाळं बदललं. नवं नाव ‘रिसर्च डिलिव्हरी नेटवर्क’. ‘क्लिनिकल’ हा शब्द गेला, कारण दवाखान्याबाहेरचं संशोधनही यात धरायचं आहे. पंधराऐवजी बारा विभाग झाले. ग्रेटर मँचेस्टर आणि लिव्हरपूलकडचा किनारा मिळून ‘नॉर्थ वेस्ट’ झाला, त्यामुळे ब्लॅकपूल आणि मँचेस्टर आता एकाच विभागात आहेत. लंडनमध्ये थेम्सच्या उत्तरेकडचे दोन विभाग एक झाले. वेसेक्स आणि थेम्स व्हॅली मिळून ‘साउथ सेंट्रल’ झाला. बाकीच्यांत बदल किरकोळ.

सगळ्यात जास्त आशा मला वाटते ती या रचनेतल्या फिरत्या पथकांकडून. प्रत्येक विभागात आता असं पथक आहे, आणि ते एका रुग्णालयाला बांधलेलं नसतं. अभ्यास केअर होममध्ये असेल तर ते तिथे जातं. जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, शाळेत, कुणाच्या घरी असेल तर तिथे. ब्लॅकपूलच्या केअर होमकडे स्वतःची रिसर्च नर्स कधीच असणार नाही. पण आठवड्यातून दोन दिवस नर्स तिथे येऊ शकते.

आणि ती आल्यावरचं काम हळुवार आहे. आपल्या आजीला स्मृतिभ्रंशही असेल तर ती स्वतः संमती देऊ शकेलच असं नाही. नियमांनुसार अशा वेळी तिच्या जवळच्या कुणाला तरी विचारावं लागतं: ‘तिला समजत असतं तर ती हो म्हणाली असती का?’ मुलाला किंवा मुलीला काय हवं ते इथे गौण आहे. आजीचं मन काय असतं ते त्यांनी सांगायचं. आणि अभ्यासात असताना आजीने हात झटकला, नको असल्याचं दाखवलं, तर तेही गांभीर्याने घ्यावं लागतं. हे संभाषण घाईत होत नाही. त्याला चहाचे दोन कप आणि अर्धी दुपार लागते.

जिथे मला काळजी वाटते

याच जाळ्याकडून सरकारला वेगही हवा आहे. कंपन्यांच्या चाचण्या उभ्या राहायला अडीचशेहून जास्त दिवस लागत होते. मार्च २०२६ पर्यंत ते १५० वर आणायचे, असं २०२५ मध्ये ठरलं. वेग वाढणं चांगलंच आहे, नवं औषध रुग्णाला लवकर मिळतं. पण दिवस मोजायला लागलं की माणूस सरावाच्या वाटेने जातो, म्हणजे जिथे नर्स, फ्रीज, स्कॅनर सगळं तयार आहे अशा मोठ्या रुग्णालयात. आणि ब्लॅकपूलच्या केअर होममधला पहिला अभ्यास उभा राहायला वेळ लागणारच, कारण तिथे सगळं पहिल्यांदा होतंय. एकाच माणसाला ‘लवकर ये’ आणि ‘लांबच्या दाराशी जाऊन ये’ अशी दोन्ही कामं सांगितली, तर काय राहून जाईल हे ओळखायला कठीण नाही. वेगाचा आकडा जितक्या ठळकपणे छापला जातो तितक्याच ठळकपणे, कुठल्या वस्तीतून किती माणसं आली, हा आकडाही छापला गेला पाहिजे.

फेरमांडणीची स्वतःचीही किंमत असते. यजमान ट्रस्ट बदलला की कर्मचारी नव्या मालकाकडे वर्ग होतात. २००६ च्या नियमांनुसार त्यांचा पगार आणि सेवाशर्ती बहुतांशी शाबूत राहतात. पण कुठल्या जीपी दवाखान्यात कुणाला फोन करायचा, कुठली केअर होम व्यवस्थापक मंगळवारी दुपारी मोकळी असते, हे करारात लिहिलेलं नसतं. ते एकाच व्यक्तीच्या डोक्यात असतं, आणि अनिश्चिततेला कंटाळून ती दुसरी नोकरी धरते तेव्हा दहा वर्षांची ओळख तिच्यासोबत जाते. त्यातच मार्च २०२५ मध्ये सरकारने एनएचएस इंग्लंड ही शिखर संस्थाच बरखास्त करायचं जाहीर केलं, आणि ४२ स्थानिक आरोग्य मंडळांना आपला कारभाराचा खर्च निम्म्यावर आणायला सांगितलं. म्हणजे ज्या नकाशाशी जुळवून घेत हे बारा विभाग बसवायचे, तो नकाशाच पुन्हा हलतो आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, माणसं मिळाल्याशी कारण, ती ब्लॅकपूलची असोत की लंडनची. याचं उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ने छापला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून अशी वेगळी असू शकतात. म्हणून लंडनमधल्या गोऱ्या, सुखवस्तू माणसांवर काढलेला निष्कर्ष लेस्टरमधल्या आपल्या काकांना लागू पडेलच असं नाही. ब्लॅकपूलमधल्या गरीब, पाच आजार असलेल्या आजीलाही नाही.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांकडे जीपीकडून अभ्यासाचं पत्र येतं तेव्हा ‘आपल्यावर प्रयोग करणार’ म्हणून ते बरेचदा बाजूला पडतं. ते उघडून वाचावं. इंग्रजीची अडचण असेल तर दुभाषा मिळेल का, असं रिसर्च नर्सला विचारावं. विचारल्याने कुणी रागवत नाही. पत्राची वाट न पाहता ‘बी पार्ट ऑफ रिसर्च’ या नोंदणीत स्वतःहूनही नाव घालता येतं, एनएचएसच्या ॲपमधूनसुद्धा. नाव घातलं म्हणजे अभ्यासात आलो असं होत नाही. आपल्याला जुळणारा अभ्यास निघाला तर ईमेल येतो, आणि तेव्हाही नाही म्हणता येतं. त्या अर्जात वंशाचा रकाना असतो. तो मात्र भरा.